घाटावरचा चार नंबर

१४ कार्तिक
लाँचघाट, बारिशाल

रमेजा बुबू,

सलाम. तुझा भाऊ जिवंत आहे, हे आधी सांगतो. सहा वर्षांत पत्र नाही म्हटल्यावर तू त्याला केव्हाच मातीत घातला असशील. घाटावर तिकिटं कापता कापता दिवस कुठे जातो कळत नाही. खिडकीतून नदी दिसते आणि सिग्नलचा खांब दिसतो, तेवढंच माझं जग.

आता मुद्द्याचं बोलतो. तू नाईयरला ये. लेकीनं माहेरी यायला काय मुहूर्त लागतो? शेफाली म्हणते, लग्न होऊन आले तरी नणंदेचं तोंड पाहिलं नाही, लोक मला नावं ठेवतात. घरावर नवे पत्रे घातलेत. बाजारात इलिश मासा अजून आहे. आम्मा रोज तुझं नाव काढते. तुझ्या घरधन्याला, इदू दुलाभाईंना, उभं धान सोडून येता येणार नाही, हे मला समजतं. तू आणि पोरं, कोहिनूर आणि लालू, या. कार्तिक सरून अघ्रान लागायच्या आत या.

येताना एक काम कर. अब्बांच्या जमिनीचे जुने कागद टिनच्या पेटीत आहेत, ते घेऊन ये. तुमच्या चरावर, नदीतल्या त्या गाळाच्या बेटावर, वाळवी फार. इथे मी ते प्लास्टिकमध्ये नीट बांधून ठेवीन.

पत्र लाँच चालवणाऱ्या सारंग फालूचाचाच्या हाती देतोय. त्याच्याच लाँचनं उत्तर पाठव.

इति, तोफाज्जल


१९ कार्तिक
चर मालेका

तोफा,

सलाम पोचला. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कोहिनूरच्या अब्बांना वाचून दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, पण माणूस वाचता येतो. पत्र संपेपर्यंत त्यांनी बिडी पेटवली नाही. मग एवढंच विचारलं, "वाळवी काय सहा वर्षं रोजे धरून बसली होती?"

मीही तेच विचारते. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. बहीण बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून देते आणि भाऊ तिला वर्षातून एकदा नाईयरला बोलावतो. मी वाटा सोडला नाही, म्हणून तू बोलावणं सोडलंस. मी त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. तू शहरात गेलास, जमीन आम्ही कसली, अब्बांच्या कबरीभोवतीचं कुंपणसुद्धा आम्हीच दर वर्षी घालतो. आता अचानक नवे पत्रे काय, इलिश काय आणि नणंदेचं तोंड काय! पाणी कुठंतरी मुरतंय, तोफा.

आणि या दिवसांत चर सोडायचं कुणी नाव काढत नाही. गेल्या वर्षीचं तुझ्या कानावर आलंच असेल. गनी तालुकदाराचा भाचा मोन्नाफ याच्या दुकानात रेडिओ आहे. त्यानं गावभर ओरडत सांगितलं, मोठा सिग्नल आहे, पळा. आम्ही पोरंबाळं घेऊन खाडीपलीकडच्या पक्क्या शाळेत जाऊन बसलो. दोन दिवस थेंब पडला नाही. परत आलो तर नदीकाठचं सगळं धान कापून नेलेलं. तालुकदाराचे लाठीवाले होड्या घेऊन आले होते, असं म्हशी राखणाऱ्या म्हातारीनं पाहिलं. चरावर ज्याचं पीक त्याची जमीन. एक पीक त्यानं कापलं, आता दुसरंही कापलं तर तो कोर्टात उभा राहून म्हणेल, जमीन माझीच. म्हणून यंदा सगळ्यांनी मशिदीत शपथ घेतली आहे की धान खळ्यात येईपर्यंत कुणी हलायचं नाही. जो हलेल तो तालुकदाराचा माणूस.

कागद पेटीतच बरे आहेत. आम्माला सलाम सांग.

रमेजा


२४ कार्तिक
बारिशाल

बुबू,

तुझं पत्र वाचून दोन घास कमी गेले. सख्ख्या भावाला चोर ठरवलंस! दुलाभाईंनी बिडी पेटवली नाही म्हणे. त्यांना सांग, मी काय त्यांच्या म्हशीवर डोळा ठेवून बसलोय काय? आमच्या घरात लहानपणापासून एकच रीत आहे, तोफानं काही चांगलं केलं की आधी त्याचे खिसे तपासायचे.

मी लिहिणार नव्हतो, पण आता लिहितो. आम्माची तब्येत बरी नाही. छातीत दुखतं, अन्न जात नाही, अंथरुणावरून उठत नाही. "रमेजा, रमेजा" करते. तिला काही झालं आणि तू आली नाहीस, तर त्याचं ओझं तुझ्या डोक्यावर. कागदांचं राहू दे, आणायचे तर आण, नाहीतर नको आणूस. पण आणलेस तर बरं.

इति, तोफाज्जल


२९ कार्तिक
चर मालेका

तोफा,

तुझं पत्र आलं तशी मी रडत उठले आणि लालूला कडेवर घेऊन धक्क्यावर गेले. फालूचाचा लाँच वळवत होता. म्हटलं, चाचा, मला घेऊन चला, आमची आम्मा चालली. तो म्हणाला, "कुठे चालली? परवा बाजारात इलिशवाल्याशी भांडत होती. तो डोकं देत नव्हता, ही म्हणत होती डोक्याशिवाय मासा म्हणजे काय पंख्याशिवाय वारा. शेवटी डोकं घेऊनच गेली." धक्क्यावरची माणसं हसली. मलाही हसावं लागलं, आणि मग असा राग आला की लालूला घेऊन तशीच घरी परतले.

अंथरुणावरचं माणूस माशाच्या डोक्यासाठी भांडत नाही, तोफा. आईला तोंडानं मारून बहिणीला बोलावतोस? जीभ कशी उचलली तुझी?

आणखी एक ऐक. तालुकदाराचा मुन्शी हाटात बोलून गेला की शहरातला कुणी माणूस अब्बांच्या जमिनीची नोंद बघून गेलाय. कोण, ते त्यानं सांगितलं नाही, फक्त हसला. कोहिनूरचे अब्बा घरी येऊन विळ्याला धार लावत बसले. आता खरं काय ते लिही. खरं लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

रमेजा


५ अघ्रान
बारिशाल, सकाळी

बुबू,

आम्मा आजारी नव्हती. खोटं बोललो. तुझा राग कबूल. बाकीचं भेटीत बोलू, कारण आता दुसरंच काही समोर आलंय.

समुद्रात वादळ बांधतंय. परवा बंदर कचेरीतला रेडिओबाबू म्हणाला, नुसता कमी दाब आहे, विरून जाईल. काल म्हणाला, खोल झालाय. आज सकाळी त्याच्या तोंडचं पान तसंच राहिलं होतं. चक्रीवादळ झालंय, तासातासाला जोर धरतंय आणि तोंड आपल्या काठाकडे आहे. बारा वर्षं मी त्या माणसाला पाहतोय. तो पान चघळायचं विसरला, असं कधी झालं नव्हतं.

हे खरं आहे. मागचं खोटं होतं, हेही खरं आहे. धान सोडा आणि निघा. दुलाभाईंनाही आणा. माझ्याकडे या. कागदबिगद काही नको.

तोफा


६ अघ्रान
चर मालेका

तोफा,

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू तर मला उकळतं दूधच पाजलंस.

पहिल्यांदा नाईयर, मग आम्मा, आता वादळ. पुढच्या पत्रात काय, कयामत? इथे आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं आहे. वारा नाही. धान पिवळं झालंय, दहा तारखेला विळा घालायचा ठरलाय. आणि नेमकं आजच मोन्नाफ रेडिओ खांद्यावर घेऊन घरोघर फिरतोय, "सिग्नल आलाय, शाळेत चला, शाळेत चला." आमच्या दारात आला तेव्हा कोहिनूरच्या अब्बांनी विचारलं, "मामानं होड्या किती मागवल्यात रे यंदा?"  त्याचे डोळे लाल होते. मग पुढच्या दारात गेला.

तालुकदाराचा भाचा ओरडतो आणि त्याच दिवशी माझ्या भावाचं तेच सांगणारं पत्र येतं. तूच सांग, मी काय समजायचं? संध्याकाळी मशिदीपुढे सगळे जमले होते. कुणीतरी म्हणालं, "इदूचा मेहुणा आणि तालुकदाराचा भाचा एकाच सुरात गातायत." मी आतून ऐकत होते. मान खाली गेली.

पण माझं मन पूर्ण घट्ट होत नाही. समुद्राच्या बाजूनं लाटा येतायत, वारा नसताना. लांब लांब आणि सावकाश. म्हणून एक मागते. तुझ्यात अब्बांचा कणभर अंश उरला असेल तर तुझं मत लिहू नकोस, सल्ला देऊ नकोस. तुझ्या खिडकीसमोर सरकारी खांब आहे. त्यावर कितीचा सिग्नल आहे तो आकडा लिही, बाकी काही नको. आकड्याला नातं नसतं. मी तो सगळ्यांना वाचून दाखवीन.

रमेजा


७ अघ्रान
बारिशाल, सकाळी साडेआठ

बुबू,

आकडा मागितलास, आकडा घे. चार.

दहा वाजता झेंडे चढणार आहेत, हुकूम आला तेव्हा मी कचेरीतच होतो. चार चढला की लाँच सुटायच्या बंद, म्हणून फालूचाचा नऊलाच निघतोय. उतारू सोडून लगेच वर पळून येणार आहे. चार नंबर, बुबू. कुराणावर हात ठेवून लिहितो. सगळ्यांना वाचून दाखव.

तोफा


७ अघ्रान
चर मालेका, दुपारी

माझ्या तोफा,

आज सहा वर्षांनी तुझ्या नावापुढे "माझ्या" लिहितेय. फालूचाचा थांबायला तयार नाही, इंजिन चालूच ठेवलंय, म्हणून घाईत लिहिते.

तू खरं बोललास! मी तुझं पत्र धक्क्यावर मोठ्यानं वाचलं. "चार." सगळ्यांनी हुश्श केलं. मोन्नाफ तिथेच होता. तो म्हणाला, "आठ आहे, मी माझ्या कानांनी ऐकलं, आठ, महाविपद." तेव्हा म्हातारा जब्बार म्हणाला, "तुझ्या मामाच्या तराजूत चाराचे आठ होतात, आमच्यात नाही होत." लोक इतके हसले, इतके हसले! मोन्नाफ रडकुंडीला आला. म्हणाला, "दाखवा मला पत्र." त्याच्याही हातात दिलं. त्यानं वाचलं, आणि त्याचंच तोंड पडलं. बारिशालच्या सरकारी घाटावरचा माणूस कुराणाची शपथ घेऊन लिहितो म्हटल्यावर तो काय बोलणार?

चार नंबरला आम्ही काय करतो, तुला लहानपणापासून ठाऊक आहे. होड्या वर ओढतो, कोंबड्या झाकतो, छपरावर दोर टाकतो आणि खिचडी खाऊन झोपतो. नऊ-दहा घरांची बोचकी बांधून झाली होती, त्यांनी ती सोडली. नावाडी नुरू माझीची बायकोही पोरांना घेऊन निघाली होती, तिला मीच परत आणलं. नुरू ट्रॉलर घेऊन तुमच्या बाजूला बर्फ आणायला गेलाय, दिसला तर सांग, घरी सगळं ठीक आहे.

कोहिनूरचे अब्बासुद्धा म्हणाले, "तुझ्या भावानं एक तरी गोष्ट सरळ केली." तुला भेटेपर्यंत माझा राग टिकेल असं वाटत नाही. जमिनीचं बोलू आपण. नीट बसून बोलू.

तुझी बुबू


७ अघ्रान
बारिशाल, सूर्य बुडताना, मगरिबच्या सुमारास

बुबू,

हे पत्र वाचताना उभी राहू नकोस, बसू नकोस, पोरांचे हात धर आणि चालता चालता वाच.

चार म्हणजे तुमचा चार नाही. ऐक. तुमच्याकडे चालतात ते समुद्रावरच्या बंदरांचे आकडे. ते दहापर्यंत चढतात. त्यातला चार म्हणजे होड्या वर ओढा. आमचा घाट नदीवरचा. नदीच्या बंदराला चाराच्या पुढे आकडाच नाही. आमचा चार म्हणजे शेवटचा, महाविपद. मोन्नाफ आठ म्हणाला ते खरं होतं. आठ आणि चार एकच. आत्ता रेडिओ दहा सांगतोय.

बारा वर्षं झाली मला इथे. एक, दोन, तीन, चार, एवढंच रोज बघत आलो. मी चरावर जन्मलो हे विसरलो. तू आकडा मागितलास आणि मी तुला शहराचा आकडा दिला. तुझं पत्र वाचलं तेव्हा ते आठवलं आणि मी धक्क्याकडे धावलो. 

लाँच बंद आहेत. नुरू माझी मात्र थांबत नाहीये, त्याची बायकापोरं तिथे आहेत. भरती उलटली की तो ट्रॉलर सोडणार. पहाटेला पोचेल, अल्लाची मर्जी. मी त्याच्याबरोबर येत होतो. त्यानं मला ढकलून काठावर टाकलं. म्हणाला, "तुझी जागा रिकामी राहिली तर परतताना तिथे एक पोर बसेल." मग मी हे लिहायला बसलो.

आता तू विश्वास का ठेवावास? मी सांगतो का. जे लपवलं होतं ते सगळं लिहितो, मग माझ्याजवळ खोटं बोलायला काही उरणार नाही. जमिनीची नोंद बघायला मीच गेलो होतो. अब्बांची जमीन तालुकदाराला विकायचं मी कबूल केलं होतं. तुझा वाटासुद्धा. तुझी सही हवी होती, म्हणून नाईयर, म्हणून आम्माचं दुखणं. मला घाटावर स्वतःचं दुकान टाकायचं होतं. तुम्ही कुठे जाल याचा विचार मी केला नव्हता. केला असता तर विकायला हात धजला नसता, म्हणून केला नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक तालुकदाराबरोबरचा करार, मधोमध फाडलेला. दुसऱ्यावर मी माझा वाटा तुझ्या नावे लिहून दिलाय, साक्षीला आम्माचा अंगठा आहे. म्हणजे आता तुला चरावरून हलवून मला काहीही मिळायचं नाही.

माझ्याकडे येऊ नकोस. माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या दिशेनं पाऊलही टाकू नकोस. पण शाळेत जा. वरच्या मजल्यावर जा. सगळ्यांना घेऊन जा. धान गेलं तर जाऊ दे.

तोफा


१३ अघ्रान
शाळा

तोफा,

आम्ही तिघं जिवंत आहोत. प्यायला पाणी नाही. मदतीची होडी आली होती, तिच्यातल्या माणसाकडे ही चिठ्ठी देते.

रमेजा


१५ अघ्रान
बारिशाल

बुबू,

अल्लाचे हजार शुक्र. आम्मानं चिठ्ठी डोळ्यांना लावली. तिला वाचता येत नाही, तिनं फक्त अक्षर बघितलं आणि "रमेजाचंच आहे" म्हणाली.

मला वाचता येतं. तिघं म्हणजे कोण, बुबू? तुम्ही चौघं. मी चिठ्ठी उलटून पाहिली, मागे काही नाही. पाण्याचे डबे, चिवडा, गूळ आणि औषधं उद्याच्या होडीत चढवतोय. स्वतः येणार होतो, पण तुझं उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलत नाही. तिघं कोण, तेवढं लिही.

तोफा


१९ अघ्रान
शाळा, चर मालेकापलीकडे

तोफा,

तू विचारलंस. विचारतोस की नाही, ते मला पाहायचं होतं. नुसतेच शुक्र मानून पाण्याचे डबे पाठवले असतेस तर मी तुला पुन्हा लिहिलं नसतं.

मी, कोहिनूर आणि लालू. कोहिनूरचे अब्बा नाहीत.

नुरू माझी पहाटे पोचला. त्यानं पत्र हातात दिलं तेव्हा वारा सुरू झाला होता. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, एक ओळ न गाळता. चार म्हणजे काय ते ऐकून त्यांनी गमछा डोक्याला गुंडाळला, निघायलाच उठले होते. मग मी पुढचं वाचलं. तालुकदाराचं. तिथे ते थांबले. म्हणाले, "म्हणजे तुझा भाऊ त्याचाच माणूस. मग ही चाल पण त्याचीच. कागद फाडून पाठवलाय, पण पहिल्या कागदाची नक्कल नसेल कशावरून? तू पोरांना घेऊन जा. मी धान सोडत नाही." मी किती बोलले, पाया पडले. ज्या ओळींनी माझा तुझ्यावर विश्वास बसला, त्याच ओळींनी त्यांचा उडाला.

मी ती ओळ गाळली असती तर? याआधी मी तुझ्या पत्रातलं कितीदा गाळलं होतं, घरात भांडण नको म्हणून. त्या दिवशी मला वाटलं, आता खरं तेच वाचावं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, आणि तूही माझी समजूत घालू नकोस.

आम्ही निघालो तेव्हा पाऊस आडवा येत होता. लालू माझ्या पाठीला बांधला होता. कोहिनूरला मोन्नाफनं खांद्यावर घेतलं. हो, मोन्नाफनं. आदल्या दिवशी सगळे त्याला हसले होते, तरी तो पुन्हा दारोदार फिरत होता. खाडी पार करून त्यानं आम्हाला शाळेच्या जिन्यावर सोडलं आणि विचारलं, "इदूभाई कुठे?" मी सांगितलं, शेतात. तो वळला. मी म्हटलं, जाऊ नकोस, ते तुझं ऐकायचे नाहीत. तो म्हणाला, "मग शिव्या खाईन," आणि गेला.

दुपार कलताना, असरच्या नमाजाच्या वेळी पाणी आलं. त्याबद्दल मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मोन्नाफ जिवंत सापडला, बांधावरच्या ताडाला बांधलेला. त्याचा हात मोडलाय. तो सांगतो की इदूभाई विळा घेऊन त्याच्यावर धावून आले, होड्या कुठे लपवल्यास म्हणून विचारलं, आणि तेवढ्यात दोघांनाही पाणी दिसलं. ताडावर चढताना त्याचा हात मोडला. गमछा एकच होता. इदूभाईंनी तो सोडून याला झाडाला बांधलं आणि स्वतः हातांनी धरून राहिले. रात्र पडेपर्यंत बोलत होते. पोरांविषयी बोलत होते म्हणे. मग बोलायचे थांबले.

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. ठेवणार कशी? तालुकदाराचा भाचा. मला वाटलं, यानंच गमछा ओढून घेतला असेल. मी ताडापाशी गेले. गमछा तिथेच लोंबत होता, कापून याला सोडवलेला, पण गाठ शाबूत होती. त्यांची, डावऱ्या हाताची गाठ, उलटी. आमच्या म्हशीच्या दाव्यावरची तीच गाठ मी बारा वर्षं सोडत आलेय. मग मी तिथेच चिखलात बसून रडले. ते तिसऱ्या दिवशी मिळाले. अब्बांशेजारी माती दिली. कुंपण राहिलेलं नाही.

आता तुला का लिहितेय ते ऐक. शाळेत आम्ही एकसष्ट जण आहोत. चरावर किती होतो ते तुला ठाऊक आहे. नुरूची बायकापोरं वाचली, जब्बार म्हातारा गेला. जे उरलेत त्यांना तुझं आधीचं पत्र पाठ आहे. "चार. कुराणावर हात ठेवून." ते म्हणतात, रमेजाच्या भावानं तालुकदाराच्या सांगण्यावरून मुद्दाम चार लिहिलं. मी नदीचे आकडे, समुद्राचे आकडे समजावून सांगते, तर म्हणतात, भावाला वाचवतेय. धक्क्यावर ते पत्र वाचणारी मीच, बांधलेली बोचकी सोडायला लावणारी मीच. कालपासून माझ्याशी बोलणं कमी झालंय. पाण्याच्या रांगेत बायका माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहतात.

तू ये, तोफा. अन्न कुणाहीबरोबर पाठव, पण तू ये. जिन्यावर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं यांना सांग चार म्हणजे काय, आणि तालुकदाराचंही सांग, काही न गाळता. ऐकतील की अंगावर येतील, मला माहीत नाही. पळून जायला जागा नाही, तेही आधीच सांगते.

मी तुझ्या शेजारी उभी राहीन.

बुबू